ताटलीबाहेरची गोळी

दहावी गोळी सुटली आणि मी गाल रायफलीवरून न उचलता तशीच पडून राहिले. घोडा दाबताना श्वास बरोबर जागी थांबला होता. खांद्याला बसलेला दणकाही ओळखीचा होता. गोळी आत गेली, हे मला ती सुटतानाच कळलं होतं. समोर तीनशे यार्डांवर, बोडक्या डोंगराच्या पायथ्याशी, खंदकातून एक लांब काठी वर आली. काठीच्या टोकाची पत्र्याची चकती टार्गेटवर जरा घुटमळली. मग डाव्या अंगाला सरकली आणि काळ्या रेघेच्या बाहेर जाऊन थांबली.

"गेली," माझ्यामागे उभे असलेले काळोखे उस्ताद म्हणाले. "नऊ आत, एक बाहेर. परवासारखंच."

"आत होती, साहेब."

"बटातला माणूस बाहेर म्हणतोय ना? मग बाहेर."

मागे बाभळीखाली रायफली पुसत बसलेल्या शिपायांपैकी कुणीतरी म्हणालं, "अवघडेबाईंची एक गोळी रोज रुसून निघून जाती बघा." बाकीचे हसले. मी उठून गुडघ्यावरची माती झटकली. मला नवऱ्यानं नांदवलं नव्हतं, हे त्या सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे रुसून जाण्याचा विनोद नेमका कुठं लागतो तेही माहीत होतं.

या गोष्टीला तीसएक वर्षं झाली. जिल्ह्याचं नाव लिहीत नाही. त्यातली काही माणसं अजून हयात आहेत, आणि मला कुणाच्या पेन्शनीला हात लावायचा नाही. मी तेव्हा पोलिसात शिपाई होते, सव्वीस वर्षांची, आणि जिल्ह्याच्या नेमबाजीच्या चमूत एकटीच बाई होते. चमू म्हणजे तरी काय, आठदहा जण, म्हाताऱ्या झालेल्या थ्री-नॉट-थ्री रायफली आणि माळावरची एक रेंज. रेंजवर एके काळी पुष्कळ टार्गेटं चालत असतील, पण आमच्या वेळी बाकीच्या लोखंडी चौकटी गंजून पडल्या होत्या आणि एकच तेवढी वरखाली होत होती. एका वेळी एकानं झोपून गोळ्या झाडायच्या, बाकीच्यांनी बाभळीखाली बसायचं. मी बाई म्हणून माझा नंबर शेवटी. तो नियम कुणी केला होता ते मी कधी विचारलं नाही.

टार्गेटच्या खाली जो खंदक असतो त्याला बट म्हणतात. तिथं एक माणूस बसतो. गोळी लागली की भोक कुठं पडलं ते तो खालून बघतो, चकतीनं वर दाखवतो, आणि मग भोकावर खळ लावून कागदाचं ठिगळ चिकटवतो, म्हणजे पुढची गोळी वेगळी ओळखू येते. आमचं टार्गेट हंगामभर तेच असायचं. त्यावर इतकी ठिगळं होती की कुठलं कुणाच्या गोळीचं हे देवालाही सांगता आलं नसतं. म्हणून आमच्याकडे एक रीत पडून गेली होती, की बटातल्या माणसाचा शब्द शेवटचा. झाडणाऱ्यानं वाद घालायचा नाही.

दुसरी रीत काळोखे उस्तादांची. ते फौजेतून पोलिसात आलेले, बुटके, बारीक मिशीचे, आणि बोलताना समोरच्याच्या बुटांकडे बघणारे. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की ते मेसमधून चार भांडी आणवायचे. परात, ताट, ताटली आणि वाटी. रायफलींच्या शेजारी झेंडूच्या पाकळ्यांत ती मांडायची आणि चमूतल्या प्रत्येकानं एक उचलायचं. ज्यानं जे उचललं ते त्याचं वर्षाचं भांडं. ते टार्गेटवर पालथं घालून काळ्या रंगानं त्याची रेघ ओढायची, आणि उस्तादांसमोर दहाच्या दहा गोळ्या त्या रेघेच्या आत टाकल्याखेरीज कुणाचं नाव राज्याच्या निवडीला जात नसे.

"वाटीला हात लावू नका," ते दर वर्षी सांगायचे. "ती या रायफलीलाच जमत नाही, तर तुम्हाला कुठून जमणार? दारूगोळा जुना, नळी झिजलेली, वारा आपल्या बापाचा नोकर नाही. आणि तुमच्या चांगल्या दिवसाची कौतुकं मला सांगू नका. अंगात कणकण आहे, घरात भांडण झालंय, वारा आडवा सुटलाय, अशा दिवशी जेवढ्या जागेत दहाही पडतात, ते तुमचं भांडं."

सगळ्यांनी ताट नाहीतर परात उचलली. मी ताटली उचलली. उस्तादांनी माझ्या बुटांवरची नजर वर केली आणि विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." मी त्या वर्षी हट्टानं नुसती भरलेली होते.

त्याला कारण होतं. पुण्यात बायकांचा राज्याचा नेमबाजीचा चमू पहिल्यांदाच उभा राहणार होता. त्यात निवड झाली की बदली पुण्याला. मला तिथून निघायचं होतं, बस्स. पोलीस लायनीतल्या माझ्या खोलीच्या दोन्ही बाजूंना संसार होते, पोरंबाळं होती, कुकरच्या शिट्या होत्या. मी नळावर गेले की बायकांचं बोलणं थांबायचं आणि मी हंडा घेऊन वळले की पुन्हा सुरू व्हायचं. हळदीकुंकवाला मला कुणी बोलवत नसे. बोलवायचं की नाही हे त्यांनाच ठरवता येत नव्हतं, कारण नवरा होता, पण नव्हता. कधीकधी दोन-दोन दिवस हुकुमाला "जी सर" म्हणण्यापलीकडे माझ्या तोंडून शब्द निघत नसे. मला फार एकटं वाटायचं. त्या वयात हे कुणाला सांगायची लाज वाटते, आता वाटत नाही.

माझ्याशी बोलणारा त्या गावात एकच माणूस होता, आणि तो बटात बसायचा.

हवालदार खिलारे, आमचे खिलारेमामा. निवृत्तीला टेकलेले. बायको फार लवकर गेलेली, मूल झालं नाही, आणि गाव म्हणजे भावाचं घर. उभी हयात खंदकात काढलेली. गोळी डोक्यावरून जाते तेव्हा कानाशी चाबूक ओढल्यासारखा आवाज होतो, आणि असे हजारो चाबूक ऐकून त्यांचे कान गेले होते. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागे. लोकांना ओरडायचा कंटाळा, म्हणून लोक त्यांच्याशी बोलतच नसत. मान हलवून, हात हलवून काम भागवायचे. मला ओरडायचा कंटाळा नव्हता. दोन दिवस गप्प राहिलेल्या माणसाला ओरडायला मिळालं तर बरंच वाटतं.

माझा फायर संपला की पोरांचा ट्रक निघून जाई. मी माळ तुडवत बटाकडे जायची, मामांबरोबर खंदकात उतरायची आणि दोघं भिंतीला पाठ लावून जेवायचो. त्यांची भाकरी, माझी भाजी. थंडीत तिथं ऊब असायची, वारा वरून जायचा.

त्या दिवशीही मी उतरले. मामा खळीचा डबा बंद करत होते.

"मामा, दहावी खरंच बाहेर होती?"

"आं?"

"दहावी! बाहेर होती का?"

"चार बोटं," मामांनी बोटं जोडून दाखवली. "डावीकडं. बोट हिसकलं का काय तुझं?"

"घोडा सरळच दाबला मी."

"मंग वारा आसंल."

"उस्ताद म्हणतात, भांडं बदल. ताट घे."

मामा भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबले. "नगं," ते म्हणाले. "ताटलीच ठेव. तुला जमंल ती. इतकी पोरं बघितली म्या हितं, तुझ्यावानी हात न्हाई कुनाचा. आज न्हाई तर उद्या जमंल. घाई कशापायी?"

मला तेच ऐकायचं होतं. तसं म्हणणारं दुसरं कोण होतं मला? मी त्यांच्या भाकरीवर माझी सगळी भाजी वाढली.

हिवाळा असाच गेला. कधी दहावी जायची, कधी सातवी, पण एक जायचीच. नेहमी थोडीशी, नेहमी रेघेला लागून. मी स्वतःच्या खनपटीला बसले. चहानं हात कापतो म्हणून चहा सोडला. उशीनं मान अवघडते म्हणून उशी सोडली. खोलीत भिंतीवर कोळशानं ठिपका काढून रिकाम्या रायफलीनं घोडा दाबत बसायची, तर शेजारच्या घरात कुजबुज की अवघडेबाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. सगळ्यात वाईट म्हणजे, मला माझ्याच अंगाचा भरवसा वाटेनासा झाला. गोळी आत गेली असं अंग सांगायचं आणि चकती बाहेर दाखवायची. असं रोज झालं की माणूस अंगाचं ऐकणं सोडून देतो. लग्नातही माझं तेच झालं होतं. मी बरोबर आहे असं आतून वाटायचं आणि सगळं घर म्हणायचं, तूच चुकतेस.

निवड आठवड्यावर आली तेव्हा उस्तादांनी मला थांबवून घेतलं. पोरं ट्रकमध्ये चढत होती.

"अवघडे, बस," ते म्हणाले. मी दगडावर बसले. ते उभेच राहिले, नजर माझ्या बुटांवर. "हंगामभरात ताटलीत दहा पडल्या का?"

"नऊ पडतात साहेब. रोज नऊ."

"मी दहा विचारल्या."

"नाही."

"मग ताटली तुझी नाही. ती तुझ्या मनातली आहे. तुझी जी सगळ्यात वाईट गोळी, ती जिथं मावते ते तुझं भांडं. ती वाईट गोळीपण तूच झाडलीस ना? का ती शेजारणीची?"

"ताट घेतलं तर पोरं हसतील साहेब. अर्ध्यांनी ताटच घेतलंय."

"हसू दे की. ताटलीत नऊ टाकणारी इथंच राहते आणि ताटात दहा टाकणारी पुण्याला जाते. तुला कुठली व्हायचंय ते ठरव." मग म्हणाले, "भांडं निवडताना नुसता आपला हात मोजायचा नसतो. रायफलीची चूक, दारूची चूक, वाऱ्याची चूक, बटातल्या माणसाची चूक, सगळ्यांना आत जागा ठेवायची. एवढं करून जे उरतं ते आपलं. तेवढं जरी उरलं तरी खूप."

मी ट्रकमध्ये चढले नाही. माळावरून बटाकडे निघाले आणि चालता चालता रडून घेतलं. मला ताट नको होतं. ताट म्हणजे मी बाकीच्यांसारखीच, आणि बाकीच्यांसारखी असून माझं कुठं भागलं होतं? पण चकती रोज जे दाखवत होती त्यापुढं माझा हट्ट किती दिवस टिकणार? खंदकात उतरेपर्यंत मी नांगी टाकली होती.

"मामा, ताट घेतलं मी."

"काय घेतलं?"

"ताट! ताटली सोडली! परवा उस्तादांसमोर दहा टाकायच्यात!"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मग खळीच्या डब्याकडे. "ताट," ते म्हणाले. "मंग जाशील की तू."

"पडल्या तर जाईन."

"पडतील." एवढंच म्हणाले आणि जेवायला लागले. मला वाटलं, मी ताटली सोडली म्हणून त्यांना वाईट वाटलंय. त्यांचा माझ्यावर इतका विश्वास आणि मी तो धुळीला मिळवला, असं वाटून मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रेघ ओढायचं काम बटातल्या माणसाचं. ठरल्या दिवशी सकाळी मी रेंजवर पोचले तेव्हा टार्गेटवरची ताटाची रेघ नव्यानं काळी केलेली होती. ताटली पांढऱ्या रंगानं पुसून टाकलेली होती. वारा होता, आडवा. मी झोपले. पोरं आज हसत नव्हती. कुणाची निवड पणाला लागली की सगळ्यांनाच जरा धाक वाटतो.

पहिली आत. दुसरी आत. चकती वर येत होती, मधोमध, कधी जरा वर, कधी जरा उजवीकडे, पण रेघेपासून लांब. ताटाच्या आत इतकी मोकळी जागा दिसत होती की मला हायसं वाटलं. हंगामात पहिल्यांदा मी घोडा दाबताना कशाला भ्याले नाही. नऊ झाल्या.

दहावी सुटली. अंग म्हणालं, आत. मी अंगाचं ऐकलं नाही आणि काठीची वाट बघत पडले.

काठी वर येईना. उस्तादांनी दुर्बीण लावली. पोरं उठून उभी राहिली. मला वाटलं, गेली, इतक्या मोठ्या ताटातूनही गेली, आता मी जन्मभर नळावरच्या बायकांची पाठ बघायची. तेवढ्यात काठी वर आली. चकती टार्गेटच्या डाव्या अंगाला आली, थांबली, आणि हळूहळू सरकत ताटाच्या मध्यावर जाऊन टेकली. तिथंच राहिली. कितीतरी वेळ.

"म्हातारा झोपला का काय काठीवर?" उस्ताद म्हणाले आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघून हसले. "झाल्या दहा. जा पुण्याला."

मी धावत बटाकडे गेले. मामा टार्गेटला ठिगळं लावत होते, माझ्याकडे पाठ करून. मी ओरडून सांगितलं, मामा, झालं, जायचं ठरलं. त्यांनी न वळता मान हलवली.

"जेवता ना?"

"भूक न्हाई आज," ते म्हणाले. "तू जा. ट्रक गावंल तुला."

त्या दिवशी मी पोरांबरोबर ट्रकमधून गेले. त्यांनी जागा करून दिली.

पुण्याला निवडीला गेले आणि निवड होऊन तिथंच राहिले. पहिल्या आठवड्यात मला दोनदा सांगण्यात आलं, बाई, जरा हळू बोला, आम्ही बहिरे नाही. मला ओरडायची सवय लागून गेली होती. ती अजून पुरती गेलेली नाही.

तिथली रेंज मोठी आणि रीत वेगळी. प्रत्येकीला नवा कागद. दहा गोळ्या झाल्या की ठिगळं न लावता तो कागद खंदकातून वर आणायचा आणि झाडणारीच्या हातात द्यायचा. पहिल्याच दिवशी माझा कागद माझ्या हातात आला. मी भोकं मोजली. दहा. सगळी एकमेकांना धरून, मुठी आवळून उभी राहिल्यासारखी. मी मेसमध्ये गेले, एक ताटली मागून आणली आणि कागदावर पालथी घातली. एकही भोक दिसेना. एका पोरीनं विचारलं, "काय करता बाई, जेवण वाढता का गोळ्यांना?" मी हसले असेन.

आधी वाटलं, इथला दारूगोळा नवा आहे. पण रायफल तीच होती, मी सोबत नेलेली. मग वाटलं, आज वारा नव्हता. दुसऱ्या दिवशी वारा होता. दहाही ताटलीखाली. तिसऱ्या दिवशी मला ताप होता, हुडहुडी भरली होती, उस्ताद म्हणायचे तसा नेमका वाईट दिवस. ताटलीखाली दहा. मी रायफल मांडीवर घेऊन गवतात बसले आणि तेव्हा मला समजलं.

एक गोळी रोज बाहेर जात नव्हती. एक गोळी रोज बाहेर दाखवली जात होती.

आणि ताटात का दाखवली नाही, तेही समजलं. ताटलीच्या काठाशी पडलेली गोळी चार बोटं सरकवायची म्हणजे काठी जरा कलती करायची. एवढं खोटं मामांना जमत होतं. ताटाच्या बाहेर काढायची तर वीतभर सरकवावी लागली असती. तेवढं खोटं त्यांच्या हातून झालं नाही. दहाव्या गोळीला ते खाली काठी धरून उभे होते तेव्हा काय करत होते, ते मला पुण्याच्या गवतात बसून दिसलं. उस्तादांना हे माहीत होतं का? बटातल्या माणसाची चूक म्हणाले ते उगाच का? मी त्यांना कधी विचारलं नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी चहा सोडला होता. उशी सोडली होती. माझ्याच हातावर, श्वासावर, डोळ्यावर संशय घेत मी एक सबंध हिवाळा काढला होता, आणि हा माणूस रोज माझी भाजी खाऊन मला म्हणत होता, जमंल, घाई कशापायी. नवऱ्यानं निदान तोंडावर सांगितलं होतं, तू नको. मी कुणापाशी एक अवाक्षर काढलं नाही. बोलले असते तर चौकशी लागली असती, आणि म्हाताऱ्याची पेन्शन अडली असती. तेवढं मी त्यांच्यासाठी केलं. पण भेटायला गेले नाही. ते निवृत्त झाले तेव्हाही नाही.

त्यानंतर काही वर्षांनी त्यांच्या तालुक्यात निवडणुकीच्या बंदोबस्ताला माझी नेमणूक झाली. मतदान उरकल्यावर एक दिवस मोकळा मिळाला. जीपच्या ड्रायव्हरला मी गावाचं नाव सांगितलं आणि वाटेत वाक्य घोकत गेले. ताटलीत दहाच्या दहा, पहिल्या दिवसापासून. एवढंच म्हणायचं, त्यांच्या तोंडाकडे बघायचं आणि परत फिरायचं.

भावाचं घर भरलेलं होतं. खाकीतली बाई बघून सगळे बाहेर आले, भाऊ, पुतणे, सुना, पोरं. खाट टाकली, पाणी दिलं. सगळे माझ्याशी बोलत होते. मामा पडवीच्या टोकाला, गोठ्याच्या अंगाला, पोत्यावर बसले होते. वाळून गेले होते. त्यांनी मला ओळखलं आणि उठायला गेले, पण गुडघा साथ देईना.

"त्यास्नी काय ऐकू येत न्हाई," पुतण्या म्हणाला. "उगं घसा फोडू नका, बाई. आमीबी बोलायचं सोडलंय."

मी खाट सोडून पोत्यावर मामांच्या शेजारी जाऊन बसले. भावजयीनं झाकलेलं ताट आणून त्यांच्यापुढं ठेवलं. मला म्हणाली, "तुमी आत या जेवायला. त्यांचं हितंच देतो आमी. एकटेच जेवत्यात, बरं पडतं त्यास्नी."

मामा ताटाकडे न बघता माझ्याकडे बघत होते. माझ्या खांद्यावरच्या फितीकडे, मग तोंडाकडे.

"पुन्यात किती पडत्यात?" त्यांनी विचारलं.

सगळं घर ऐकत उभं होतं. मला ओरडूनच सांगावं लागणार होतं. घोकलेलं वाक्य तोंडाशी होतं. मी त्या झाकलेल्या ताटाकडे बघितलं आणि ते वाक्य मला म्हणवेना.

"नऊ!" मी ओरडले. "एक जाते अजून बाहेर!"

मामांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले.

"न्हाई," ते म्हणाले. "धा पडत आसतील. तुझ्या गोळ्या माझ्याएवढ्या कुनी बघितल्यात?"

घरातल्यांना त्यातलं काही कळलं नाही. पुतण्या हसला. इतकी वर्षं मी हे त्यांच्या तोंडून वदवून घ्यायला टपलेली होते आणि त्यांनी ते असं, न विचारता, समोर ठेवलं. मी साध्या आवाजात, ऐकू जाऊ नये अशाच बेतानं म्हटलं, "मग दाखवल्या का नाहीत?"

त्यांना ऐकू गेलं नाही. पण ते माझ्या ओठांकडे बघत होते. खंदकात इतकी वर्षं शेजारी बसून जेवल्यावर माझे ओठ त्यांना वाचता येत असणार, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"मंग माझ्यासंगं जेवायला कोन आलं आसतं?" मामा म्हणाले.

माझा राग गेला नाही. आजही तो पुरता गेलाय असं म्हणता येणार नाही. पण मी त्यांच्या ताटावरचं झाकण काढलं आणि भावजयीला म्हटलं, "वहिनी, मलाबी हितंच वाढा."